होळीपर्यंतची सूट

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना. हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि त्यावरून माणसांनाही टोमणे बसतात. पण भाद्रपदाच्या पुढचं गणित फारसं कुणी मांडत नाही. कुत्रीचे दिवस त्रेसष्टच्या आसपास भरतात. म्हणजे गणपती-पितृपक्षाच्या सुमारास फळलेली कुत्री कार्तिकात वितात. तेव्हा भात कापून झालेलं असतं, खळ्यावर झोडणी चाललेली असते आणि घरामागे पेंढ्याची उडवी रचलेली असते. भिवंडी तालुक्यातल्या खाडीकाठच्या आगरी गावांत बहुतेक पिल्लांचा जन्म या उडवीच्या पोटात व्हायचा. मार्गशीर्षात त्यांचे डोळे उघडत, पौषात दूध तुटे, माघात ती अंगणभर उच्छाद मांडत. फाल्गुनात शिमग्याची लाकडं गोळा व्हायला लागली की त्यांचे दुधाचे दात हलू लागत.

तोवर पिल्लावर हात उगारायचा नाही, असा आमच्या घरात दंडक होता. पिल्लाने वाळत घातलेले बोंबील ओढले, चपलेचा अंगठा कुरतडला, की पोरं काठी घेऊन धावायची आणि आजी ओटीवरून ओरडायची, "त्याला काय कलतंय? होली होऊ दे, दात परू दे पयले." होळी झाली की सूट संपली. मग त्याच चोरीला काठी भिरकावली जायची. काठी अंगाला लागत नसे, जवळ येऊन आपटायची, पण पिल्लू तेवढ्याने समजायचं.

मी पुढे जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला लागलो. आधी स्टॉकमन म्हणून, नंतर त्याच पदाला पशुधन पर्यवेक्षक म्हणू लागले. लोक मला ढोरडाक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हतो, पण ते समजावत बसायला कुणाला वेळ होता. नोकरीत म्हशींनी माझे हात राबवले, कोंबड्यांनी रजिस्टर भरलं. कुत्री मात्र कागदावर दिसायची नाहीत. मालक संध्याकाळी, दवाखाना बंद व्हायच्या वेळी, गोणीत घालून आणायचे. म्हणून भिवंडीने कुत्र्यांना कसं शिकवलं याची लेखी नोंद जवळजवळ नाही. जे आहे ते लोकांच्या बोलण्यात आणि कुत्र्यांच्या अंगावरच्या खुणांत.

गावात पिल्लाला शिकवणारी पहिली मास्तरीण म्हणजे त्याची आई. चार-पाच आठवड्यांची पिल्लं सुईसारख्या दातांनी आचळांना झोंबायला लागली की कुत्री गुरगुरते, तोंड वेंगाडते, वेळ पडली तर पिल्लाचं थोबाड हलकेच तोंडात धरते आणि सोडून देते. चावत नाही. क्षणभराचा प्रकार असतो, आणि लगेच ती त्यालाच चाटायला लागते. दुसरी शाळा भावंडांची. एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. खेळ मोडला हीच शिक्षा. किती जोरात चावायचं आणि कुठे थांबायचं, हे पिल्लू या काळात शिकतं. महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडून आणलं की ते या दोन्ही शाळांत नापास होऊन येतं, आणि मग माणूस वर्षभर तक्रार करतो की हे फार चावतं.

माणसाचा वाटा त्या मानाने थोडा होता. यू यू म्हणून बोलवायचं, हाड म्हणून हाकलायचं आणि मोठेपणी छू म्हणून सोडायचं. एवढीच त्याची भाषा. पेजेचं भांडं ठेवताना यू यू, चुलीजवळ आलं की हाड. घरातला जो माणूस रोज भात घालतो त्याचंच कुत्रं ऐकतं, हे कुणी शिकवायला लागत नव्हतं.

गावाकडे सगळं मायेचं होतं असं मात्र समजू नका. मादी पिल्लं गोणीत भरून खाडीपलीकडे सोडून येणारी माणसं आमच्याच आळीत होती. कुत्रा तिखट व्हावा म्हणून पिल्लाला मिरची चारणारे होते, कान कापणारे होते, अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवणारे होते. आजीचा नियमसुद्धा दयेतून आला असावा असं मला वाटत नाही. तो हिशेबातून आला होता. लहानपणी मार खाल्लेलं कुत्रं भेदरतं. भेदरलेलं कुत्रं रात्री परकं माणूस आलं की भुंकण्याऐवजी उडवीत शिरतं, आणि न भुंकणाऱ्या कुत्र्याला भात कोण घालणार? होळीपर्यंतची सूट ही राखणीची गुंतवणूक होती.

हिवाळ्यात कापलेल्या शेतांत धनगरांचे वाडे उतरायचे. मेंढ्या रात्रभर शेतात बसवल्या की खत मिळायचं आणि धनगराला त्याचं धान्य. तळ हलला की घोड्यावर बिऱ्हाडाबरोबर कोंबड्या, कोकरं आणि कुत्र्याची पिल्लं एकत्र लादलेली मी पाहिली आहेत. कळपाबरोबर चालवण्याइतकं पिल्लू मोठं होईतो ते घोड्यावरच. मेंढरांच्या वासात वाढलेलं हे पिल्लू पुढे मेंढराला दात लावत नाही. त्यासाठी कुणी त्याला बडवलेलं नसतं. ते लहानपणापासून त्यांच्यात झोपलेलं असतं, इतकंच.

पिल्लाच्या वयाचा हा हिशेब आमच्या आजीने शोधून काढला असंही नाही. पारशांच्या वंदिदाद या धर्मग्रंथाच्या पंधराव्या प्रकरणात तो चक्क लिहून ठेवलेला आहे. कुत्रीची पिल्लं कुणाच्या दारात जन्मली तर त्यांना किती काळ पोसायचं, याचा तिथे खल आहे. सातच्या दुप्पट घरांना वळसा घालून धावता येण्याइतकी ती झाली की मोकळी सोडावीत, असा निवाडा आहे. आणि पिल्लांचा सांभाळ सहा महिने, मुलांचा सात वर्षं, असं प्रमाणही दिलं आहे. कुत्र्यापुढे फार कठीण हाड किंवा फार गरम अन्न ठेवणं हेसुद्धा तिथे पाप म्हणून नोंदलं आहे. कुत्र्याच्या ताटाचा इतका बारीक विचार करणारा समाज मुंबईत होता म्हणूनच 1832 च्या जूनमध्ये तिथे कुत्र्यांवरून दंगल झाली. सरकारने भटकी कुत्री मारायचं फर्मान काढलं होतं आणि कुत्र्यामागे आठ आणे इनाम लावलं होतं. पैशाच्या लोभाने शिपाई दारातली, पाळलेली कुत्रीही टिपू लागले, तेव्हा कोटातले पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, इतर समाजही सामील झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. 1883 साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचं इस्पितळ निघालं. भिवंडीतला श्रीमंत माणूस आजही आजारी कुत्रा गाडीत घालून तिथेच नेतो.

भिवंडी शहराचा कुत्र्याशी संबंध निराळा. इथे कोकणी मुसलमान फार जुने, आणि 1857 नंतर उत्तरेतून आलेले मोमिन विणकर. या घरांत कुत्रा उंबऱ्याच्या आत येत नसे, त्यामुळे भिवंडीकराला कुत्रं चालत नाही असा बाहेरच्यांचा समज. तो अर्धवट आहे. शेत, जनावरं आणि घर राखणारा, तसाच शिकारीचा कुत्रा धर्माला मंजूर आहे. एकदा निजामपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या कारखानदाराच्या बकऱ्या तपासायला गेलो असताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली आणि मी चकित झालो. कुराणाच्या पाचव्या सूऱ्यात शिकवलेल्या जनावराने पकडलेली शिकार हलाल ठरवली आहे. मग शिकवलेला कुत्रा म्हणायचं कुणाला, हा प्रश्न फकिहांपुढे, म्हणजे धर्मशास्त्र्यांपुढे, आला. हनफी पंथाच्या इमामांनी त्याची कसोटी घालून दिली: कुत्र्याने शिकार पकडून स्वतः न खाता मालकासाठी धरून ठेवली, असं लागोपाठ तीन वेळा झालं, की तो शिकलेला. मध्येच त्याने खाल्लं तर त्याचं शिक्षण कच्चं. मालकाने किती चाबूक ओढले याला त्या कसोटीत काही किंमत नाही. कुत्रा काय करतो एवढंच बघायचं. पुढे मी अनेक ठिकाणी कुत्र्यांच्या परीक्षा पाहिल्या, पण याहून स्वच्छ कसोटी माझ्या ऐकण्यात नाही.

या सगळ्यावर साखळी आली ती मागांबरोबर आणि गोदामांबरोबर. भिवंडीत हातमाग होते, मग विजेवरचे माग आले, घराघरात खटखट सुरू झाली. 1982 चा गिरणी संप झाला आणि मुंबईच्या गिरण्यांचं काम आमच्या मागांवर आलं. सूत, बीम, कापडाचे तागे यांनी पत्र्याच्या शेड भरल्या. पाठोपाठ गोदामं. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची. म्हणून व्यापाऱ्याने माल आमच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडे, राहनाळ, वळ, माणकोली, जिथे भात पिकायचं तिथे गाळे उभे राहिले. 2017 च्या जीएसटीत मुंबईची जकात गेली, पण तोवर गोदामांचं शहर वसलं होतं, आणि घरपोच मालाच्या कंपन्यांनी ते आणखी फुगवलं.

गाळ्याला राखण हवी. गावच्या कुत्र्याला हद्द माहीत होती, पण गाळ्याच्या कुत्र्याला माल राखायचा होता, आणि तो कुणाचा माल हे त्याला कसं कळणार? तेव्हा एक पद्धत रूढ झाली. दीड-दोन महिन्यांचं, अल्सेशियनची थोडी भेसळ असलेलं पिल्लू कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटहून आणायचं. दिवसभर साखळीला बांधायचं. जाणाऱ्या-येणाऱ्या हमालांना त्याला डिवचू द्यायचं, म्हणजे ते माणसांवर चिडेल. रात्री आवारात मोकळं सोडायचं. चुकलं की पट्ट्याने मारायचं. वय बघायचं कारणच नाही, कारण पिल्लू हे यंत्रसामग्रीच्या यादीत होतं.

याची फळं दवाखान्यात यायची. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या गळ्यात बांधलेला पट्टा ते सहा महिन्यांचं झालं तरी कुणी सैल केलेला नसायचा. कातडी पट्ट्यावर चढून वाढलेली, आत पू, अळ्या, आणि बाहेरून बकलाचा कोपरा तेवढा दिसतोय. कात्रीने नायलॉन कापताना कुत्र्याच्या तोंडाला सुतळी बांधायला लागायची आणि मालक म्हणायचा, फार रागीट आहे हो. रागीट! मागाच्या कारखान्यातल्या पिल्लांची तऱ्हा वेगळी. ती धोट्याच्या खटखटाटात इतकी वाढलेली असत की आवाजाला दचकायची नाहीत, पण हात उचलला की जमिनीला चिकटून मुतायची. यातलं कुठलंही कुत्रं चांगली राखण करत नव्हतं. गाळे फुटायचे ते फुटायचेच, कारण चोर बहुतेक वेळा ओळखीचा असे आणि वडापाव घेऊन येत असे.

जनावरांना निर्दयतेने वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्याचा आग्रह धरला म्हणून तो झाला. त्याच्या अकराव्या कलमात मारणं, लाथा घालणं तर आहेच, पण आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हेही गुन्हे म्हणून स्पष्ट लिहिले आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. मी गाळेवाल्यांना हे कलम वाचून दाखवायचो, तेव्हा एकाने खिशातून पन्नासाची नोट काढून माझ्या टेबलावर ठेवली होती.

आता हा साखळी-पट्ट्याचा धडा आला कुठून? गावातून नाही, हे मी सांगितलंच. तो फौजेतून आणि पोलिसातून, वाटेत अर्धा सांडत, झिरपत आला. जर्मनीत कॉनराड मोस्ट नावाच्या अधिकाऱ्याने 1910 साली कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. पोलिसांच्या आणि नंतर लढाईतल्या कुत्र्यांसाठी ते बायबल ठरलं. त्यात हिसका होता, छडी होती, काटेरी पट्टा होता. पण चुकीच्या त्याच क्षणी शिक्षा आणि बरोबर केल्याच्या त्याच क्षणी शाबासकी, हा काटेकोरपणाही होता. अमेरिकेत विल्यम कोहलर या माजी लष्करी शिक्षकाने 1962 साली गळफासाच्या साखळीची पद्धत घरोघर नेली. मुंबई पोलिसांचं श्वान पथक 1959 साली तीन डॉबरमनवर सुरू झालं आणि सैन्याने 1960 साली मेरठला कुत्र्यांची शाळा काढली. निवृत्त झालेले हस्तक मग ठाणे-कल्याणच्या बंगल्यांत अल्सेशियन शिकवायला जाऊ लागले. त्यांच्या तोंडचे सिट, स्टे, हील हे शब्द गृहस्थांनी उचलले, आणि हातातली साखळीही उचलली.

उचलताना एक गोष्ट मात्र राहून गेली. ही सगळी पद्धत अर्धवट किंवा पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांसाठी होती. कोहलरचा वर्ग सहा महिन्यांच्या पुढच्या कुत्र्यासाठी होता. जगभर बरीच वर्षं कुत्र्यांच्या शाळा सहा महिन्यांखाली प्रवेशच देत नसत. त्यामागे करुणा नव्हती. एवढे हिसके लहान मानेला सोसायचे नाहीत हे त्यांना कळत होतं. पण हे वयाचं बंधन आमच्यापर्यंत पोचलं नाही, साखळी पोचली. सहा महिन्यांच्या डॉबरमनला बेतलेला हिसका दोन महिन्यांच्या, दोन किलोच्या पिल्लाला बसायला लागला. माझ्या मते आपल्याकडच्या पाळीव कुत्र्यांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक हीच.

खुद्द पोलिसांतल्या चांगल्या हस्तकांना हे नीट ठाऊक होतं. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर गाजलेला झंजीर हा लॅब्राडोर पुण्यात शिवाजीनगरला शिकून आला तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. त्याने 3,329 किलो आरडीएक्स हुंगून काढलं. 16 नोव्हेंबर 2000 रोजी तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. स्फोटकं शोधणारा कुत्रा मारून तयार होत नाही. वास सापडला की त्याला खेळणं मिळतं, म्हणून तो शोधतो. भेदरलेला कुत्रा चुकायला घाबरतो आणि मग काही सापडलं तरी सांगत नाही. स्फोटकांच्या कामात असा कुत्रा सगळ्यांना घेऊन मरेल.

नव्वदीनंतर भिवंडीच्या कामतघर, अंजूरफाटा, काल्हेर भागात इमारती उठल्या आणि कुत्रं अंगणातून थेट फरशीवर आलं. त्याबरोबर एक नवाच गुन्हा जन्माला आला: घरात मुतणं. आमच्या अंगणात हा गुन्हाच नव्हता. पिल्लू उडवीतून चार पावलं बाहेर जायचं आणि मोकळं व्हायचं. ते कुठे गेलं हे कुणी पाहतही नसे. फ्लॅटमध्ये तेच पिल्लू चार पावलं चालून सोफ्याजवळ जातं. मग वर्तमानपत्राची गुंडाळी, मग नाक त्या जागेवर घासणं. हा नाक घासायचा विधी इतक्या सुशिक्षित घरांत मी पाहिला आहे की तो शाळेतच शिकवतात की काय अशी शंका यावी. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरता येत नाही. शरीरच तयार नसतं. घासलेल्या नाकाने ते इतकंच शिकतं की माणसासमोर मुतू नये, आणि मग ते पलंगाखाली जाऊन मुततं.

एका मालकाने मला संस्कृत सुभाषिताचा दाखला दिला. पाच वर्षं लाड करावेत, पुढची दहा वर्षं मारावं, सोळाव्या वर्षी मित्र मानावं, असं ते सुभाषित. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात माराचं वय सुरू होतं, असा त्याने कागदावर हिशेब मांडला. गंमत अशी की कुत्रा तीन महिन्यांचा होता आणि मार चालू झालेला होता. मुलांच्या बाबतीत 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली छडी बंद केली. सुभाषितातली छडी उरली ती कुत्र्यांसाठी.

शास्त्राने या बाबतीत काय केलं, तर आजीच्या कॅलेंडरला तारखा घातल्या. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बरीच वर्षं कुत्र्यांच्या जाती वाढवून पाहिल्या. 1965 साली त्यांचा ग्रंथ आला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं, त्या काळात जे भेटेल ते आपलं, आणि पुढे जे भेटेल ते परकं, हा त्यातला मुख्य निष्कर्ष. तिथल्याच 1961 च्या एका प्रयोगात काही पिल्लं कुंपण घातलेल्या शेतात माणसाच्या स्पर्शाशिवाय चौदा आठवडे वाढवली. ती रानटीच राहिली, पुढे त्यांना माणसाळवणं जवळजवळ जमलं नाही. इयान डनबार या पशुवैद्याने ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात सहा महिन्यांची अट मोडून बारक्या पिल्लांचे वर्ग सुरू केले, पट्टा काढून, खाऊ देऊन, खेळवत. आणि 2020 साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी 92 पाळीव कुत्री तपासली: हिसके-मार यांवर चालणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाच्या खुणा जास्त, लाळेतलं कॉर्टिसॉलही शिकवणीनंतर वाढलेलं.

लांडग्यांच्या टोळीत एक दादा असतो, म्हणून मालकाने पिल्लाला उताणं पाडून दाबून आपण दादा आहोत हे दाखवावं, हा एक विचार मधल्या काळात टीव्हीवरून आमच्या गाळ्यांपर्यंत पोचला होता. तो पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून बांधलेला होता. डेव्हिड मीच यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला आणि 1999 साली त्यांनीच लिहिलं की रानातली टोळी म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. यावर अधिक बोलण्यासारखं नाही.

अडचण आहे ती वेगळीच. पार्व्होचा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला, आणि तेव्हापासून पशुवैद्य सांगतात की सगळ्या लशी होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढू नका. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात येते. म्हणजे पिल्लाच्या मनाची खिडकी उघडी असते तेव्हा घराचं दार बंद, आणि दार उघडतं तेव्हा खिडकी मिटत आलेली. दवाखान्याचा सल्ला चुकीचा नाही; पार्व्होने रक्त हगून मेलेली पिल्लं मी पाहिली आहेत. पण कडेवर घेऊन गॅलरीत उभं राहायला, रिक्षाचा भोंगा, अजान, लेझीम, कुकरची शिटी ऐकवायला, छत्रीवाला, दाढीवाला, बुरख्यातली बाई, हेल्मेटवाला दाखवायला कुठली लस आड येत नाही. भिवंडीत तर या गोष्टी खिडकीत उभं राहिलं तरी तासाभरात सगळ्या भेटतात.

लोक विचारतात, मग शिस्त लावायचीच नाही का? लावायची, पण वयाला धरून. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू चावलं तर हात थांबवायचा आणि उठून जायचं. भावंडं खेळ मोडतात तसाच. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचं आणि तिथे झालं की तिथेच शाबासकी. घरात झालं तर मुकाट्याने पुसायचं. चपला वर ठेवायच्या, त्यासाठी कुत्र्याला अक्कल यायची वाट बघायची नाही. चौथ्या महिन्यापासून दात पडतात, सुळे पाचव्या-सहाव्यात; तोवर हिरड्या शिवशिवतात, तेव्हा चावायला काहीतरी हक्काचं द्यायचं, ओल्या कापडाला गाठ मारून दिली तरी पुरते. धडा दोन-चार मिनिटांचा, त्याच्या पलीकडे पिल्लाचं लक्ष टिकत नाही. सहा महिन्यांनंतर ते माजोरीपणा करतं, शिकलेलं विसरल्यासारखं दाखवतं. इथे बहुतेकांचा संयम सुटतो. या वयात नकार ठाम हवा, आवाज चढलेला नको, आणि नियम घरात सगळ्यांचा एकच हवा. आजीने पोळीचा तुकडा टाकायचा आणि बाबांनी त्याच तुकड्यावरून ओरडायचं, हे चालणार नाही. मार कुठल्याच वयात नाही. एवढ्या एका बाबतीत मी माझ्या आजीच्याही पुढे गेलो आहे. तिच्या होळीनंतरच्या काठीचीही मला नोकरीत कधी गरज भासली नाही.

गोदामांचं म्हणाल तर तिथे कॅमेरे लागले, रखवालदारांच्या एजन्स्या आल्या, साखळीवरची कुत्री कमी झाली. उरलीत ती आवारातली गावठी, हमाल आणि ड्रायव्हर भात घालतात ती. अनोळखी ट्रक आला की सगळी एकदम उठतात. त्यांना कुणी काही शिकवलेलं नाही.

आता कुणी भिवंडीत पिल्लू घेणार असेल तर त्याला एकच सांगणं. विकणाऱ्याला आधी वय विचारा. 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तो महिना-दीड महिन्याचं आहे म्हणाला, किंवा दात आलेत, आता खातं, घेऊन जा म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा. आणि त्याची आई दाखव म्हणा. आई दाखवता येत नसेल तर तिथून पिल्लू घेऊ नका.